नामदार होण्यापूर्वीचे गोपाळराव

नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे नाव आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते ते इतिहासाच्या पुस्तकातील दोन-तीन वाक्यांपुरते. मवाळ पक्षाचे पुढारी, भारत सेवक समाजाचे संस्थापक, महात्मा गांधींचे राजकीय गुरू, एवढे सांगितले की परीक्षेतील दोन गुण पदरात पडतात आणि गोखले संपतात. परंतु ज्या माणसाने आपल्या एकोणपन्नास वर्षांच्या आयुष्यातील सुमारे अठरा वर्षे वर्गात उभे राहून मुलांना इंग्रजी, गणित आणि इतिहास शिकवण्यात घालवली, तो माणूस या दोन-तीन वाक्यांत कोठेच सापडत नाही. आम्ही स्वतः इंग्रजीचे शिक्षक आहोत. कौन्सिलातील गोखल्यांविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. फळ्यासमोरच्या गोखल्यांविषयी मात्र चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते.

त्याला निमित्तही घडले. गेल्या सहामाहीत इंग्रजीचे पेपर तपासताना एका मुलाचा निबंध आमच्या हाती आला. निबंध निर्दोष होता आणि तेच त्याचे वैगुण्य होते, कारण तो एका मार्गदर्शकातून अक्षरशः उतरलेला होता. मुलाने नक्कल केली नव्हती, सगळा निबंध तोंडपाठ केला होता. आम्ही तांबड्या शाईने त्याचे गुण कापले. दुसऱ्या दिवशी त्याने येऊन शांतपणे विचारले, की घरी आम्ही कोकणी बोलतो, शाळेत मराठी लिहितो, बाजारात कानडी ऐकतो. मग इंग्रजी पाठ करायचे नाही तर आणायचे कोठून? त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर देऊन त्याला वाटेला लावले. परंतु प्रश्न आमच्यापाशीच राहिला. आमच्याही घरची भाषा कोकणीच. आम्हीही इंग्रजी कोठून आणले होते? या प्रश्नाच्या मागे जाता जाता आम्ही गोपाळरावांच्या चरित्राशी येऊन थांबलो.

गोपाळरावांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव नोकरीनिमित्त कागल येथे होते. प्रथम कारकून आणि पुढे फौजदार. बेळगावाहून कोल्हापुरास जाताना निपाणी ओलांडली की हे कागल लागते, आमच्यापैकी कित्येकांनी एस.टी.च्या खिडकीतून ते पाहिले आहे. तेथील प्राथमिक शिक्षण संपवून गोपाळ व त्याचे वडील बंधू गोविंदराव पुढील शिक्षणासाठी कोल्हापुरास आले.

शाळेतील त्यांची एक गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. घरी करावयास दिलेली उदाहरणे सर्वांत बरोबर आणली म्हणून गुरुजींनी गोपाळला वर्गात पहिल्या जागेवर बसण्यास सांगितले, तेव्हा तो जागेवरून न हलता रडू लागला. एका उदाहरणासाठी आपण दुसऱ्याची मदत घेतली होती, ती जागा आपली नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. ही गोष्ट बहुधा सत्यवचनाच्या धड्यात घालतात. आम्हाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. मिळालेल्या गुणांत आपले किती आणि परक्याचे किती, याचा हिशेब त्या मुलाने गुरुजींच्या आधी स्वतः केला होता. पेपर तपासणाऱ्या माणसाला असा विद्यार्थी क्वचितच भेटतो.

1879 साली कृष्णरावांचे निधन झाले. गोविंदराव त्या वेळी अठरा वर्षांच्या आसपास होते. त्यांनी स्वतःचे शिक्षण सोडले, कागल येथे पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील आठ रुपये ते दरमहा गोपाळला कोल्हापुरास पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत सगळे घर चालत होते. ही बेरीज-वजाबाकी गोपाळ कधी विसरला नाही. एकदा एका मित्राने त्याला आग्रहाने नाटकाला नेले. गोपाळला वाटले, मित्र आपल्या खर्चाने नेत आहे. मागाहून मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. ते देण्यासाठी गोपाळने दिव्याच्या तेलाचा खर्च कापला आणि काही दिवस रस्त्यावरच्या कंदिलाखाली बसून अभ्यास केला, असे सांगतात.

1881 साली ते मॅट्रिक झाले. हे वाक्य आज फार लहान वाटते, म्हणून येथे थोडे थांबावयास हवे. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा 1859 साली झाली. त्या परीक्षेस सव्वाशेहून अधिक उमेदवार बसले आणि पार पडले ते वीस-बावीस. त्या थोड्यांत महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. पुढील काळात परीक्षार्थींची संख्या वाढली, तरी परीक्षेचा धाक कमी झाला नाही. कारण उघड होते. मराठी शाळेतून मुलगा इंग्रजी पहिलीत येई, आणि थोड्याच वर्षांत त्याला इतिहास, भूगोल, गणित हे सगळेच विषय इंग्रजीत लिहावे लागत. इंग्रजीचा पेपर हा एक पेपर नव्हता, प्रत्येक पेपर हा इंग्रजीचाच पेपर होता. मुलाला इतिहास येत नसे म्हणून तो इतिहासात नापास होई असे नाही. त्याला येणारा इतिहास सांगण्यापुरते इंग्रजी येत नसे, म्हणूनही नापास होई. आमच्या बेळगाव-धारवाडकडील मुलेही त्या काळी याच मुंबईच्या परीक्षेच्या दारात उभी असत.

मॅट्रिकनंतर कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, काही काळ पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा गोपाळरावांचा प्रवास झाला. एल्फिन्स्टनमध्ये त्या वेळी वर्डस्वर्थ नावाचे प्राचार्य होते, प्रख्यात इंग्रज कवी वर्डस्वर्थ यांचे ते नातू. कोतळूकच्या मुलाने कवीच्या नातवाकडून इंग्रजी साहित्य ऐकावे, हा योग मोठा चमत्कारिक खरा. परंतु गोपाळरावांचे इंग्रजी केवळ या व्याख्यानांतून आले नाही. ते आले पाठांतरातून. बर्कचा फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथ त्यांनी मुखोद्गत केला होता; मिल्टन आणि स्कॉट यांच्या काव्यांचे लांबलचक भागही त्यांना पाठ येत. सोबती त्यांची यावरून थट्टा करीत. विद्वान म्हणवणारे लोक घोकंपट्टी हा शब्द तेव्हाही नाक मुरडूनच उच्चारीत असत.

येथे आम्हाला आमच्या तांबड्या शाईची आठवण होते. ज्यांच्या इंग्रजीची स्तुती पुढे इंग्लंडातील जाणकारांनीही केली, त्यांनी ती भाषा पाठ करूनच मिळवली. घरात ती कोणी बोलत नव्हते, कागलच्या बाजारातही ती ऐकू येत नव्हती. भाषेचा कान यावयाचा तर तो पुस्तकातूनच, आणि पुस्तकातून यावयाचा तर वाक्ये जिभेवर घोळवल्यावाचून गत्यंतर नव्हते. एवढे मात्र खरे, की गोपाळरावांनी पाठ केला तो बर्क होता, चाळीस ओळींचा तयार निबंध नव्हे. पाठ केलेले त्यांनी परीक्षकापुढे जसेच्या तसे ओतले असते तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते. त्यांच्या मनात ते मुरले, आणि मुरायला त्यांनी त्याला पुष्कळ वर्षे दिली. आमच्या विद्यार्थ्याला सहामाहीपर्यंतच वेळ होता, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे.

1884 साली वयाच्या अठराव्या वर्षी गोपाळराव बी. ए. झाले. घरच्यांची अपेक्षा स्वाभाविक होती. गोविंदरावांनी स्वतःचे शिक्षण ज्याच्यासाठी टाकले, तो भाऊ आता पदवीधर झाला. त्याने एखादी बरी सरकारी नोकरी धरावी, निदान वकिली करावी आणि घर वर काढावे. गोपाळराव काही दिवस इंजिनियरिंग कॉलेजात गेले, तेथे मन रमले नाही. कायद्याचा अभ्यासही त्यांनी सुरू केला. आणि 1885 साली त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपये पगारावर साहाय्यक शिक्षकाची जागा धरली.

ही शाळा तेव्हा अवघी पाच वर्षांची होती. 1880 सालच्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनी माधवराव नामजोशी यांच्या साहाय्याने ती बुधवार पेठेतील मोरोबादादांच्या वाड्यात सुरू केली. त्याच वर्षी वामन शिवराम आपटे येऊन मिळाले आणि त्यानंतर आगरकर आले. हे वामनराव आपटे सावंतवाडी संस्थानातील, म्हणजे आमच्याच कोकणीच्या मुलखातले. संस्कृत कोशकार म्हणून त्यांचे नाव झाले, परंतु शाळेचा रोजचा कारभार, वर्गांची शिस्त आणि परीक्षांची घडी बसवली ती त्यांनीच. 1882 साली हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे शाळेच्या वतीने साक्ष दिली तीही आपट्यांनी. विष्णुशास्त्री त्याच वर्षी मार्चमध्ये, वयाची बत्तीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी वारले होते. सरकारी शाळेत मिळते ते इंग्रजी शिक्षण आपल्या माणसांनी, आपल्या माणसांच्या पैशाने आणि कमी फीमध्ये द्यावे, हा संस्थापकांचा हेतू होता. शाळा मुलांची होती. मुलींना इंग्रजी शिकवावे की नाही यावर पुण्यात पुढे कडाक्याचा वाद झाला आणि त्यात याच मंडळींत दोन तट पडले, परंतु तो विषय वेगळा.

गोखले वर्गात कसे शिकवीत? त्यांच्या विद्यार्थ्यांनी मागाहून जे लिहून ठेवले त्यावरून एक चित्र उभे राहते, आणि खरे सांगावयाचे तर ते चित्र फार रंगीत नाही. आगरकरांच्या वर्गात विचारांची ठिणगी पडे. वासुदेवराव केळकर हे इंग्रजीचे दुसरे नाणावलेले शिक्षक. शेक्सपियरचे नाटक मराठीत आणून ज्यांनी त्राटिका रंगभूमीवर उभी केली तेच हे केळकर. त्यांच्या तासाला नाटकाचा रंग चढत असला पाहिजे. गोखल्यांपाशी असे काही नव्हते. वय वीसच्या आत-बाहेर, म्हणजे वरच्या वर्गातील काही मुले जवळजवळ त्यांच्याच वयाची. विनोद बेताचा, आवाज लहान. त्यांच्यापाशी होती ती तयारी. तासाला जे वाचावयाचे त्यातील एकही शब्द अर्धवट कळलेला ठेवून ते वर्गात पाऊल टाकीत नसत.

सदे या इंग्रज लेखकाने लिहिलेले नेल्सनचे चरित्र त्यांना शिकवावयाचे होते. नेल्सन हा आरमारी सेनापती, तेव्हा पुस्तकात शिडे, डोलकाठ्या, दोर, नांगर आणि तोफांचे मजले यांची रेलचेल. शब्दकोशात प्रत्येक शब्दाचा अर्थ होता, पण शिडाच्या एका दोराला एक नाव आणि दुसऱ्याला दुसरे का, हे पुण्यातील मोरोबादादांच्या वाड्यात बसून कोणाला कळणार? गोपाळराव मुंबईच्या गोदीत गेले आणि जहाजांवरील त्या त्या वस्तूंची माहिती त्यांनी जागेवर करून घेतली, असे सांगतात. तासाला मुलांनी एखादा शब्द विचारला असता किंवा नसताही. बहुधा कोणी विचारलाही नसेल. आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या दहा वर्षांच्या नोकरीतील किती शब्दांवरून आम्ही एक झाड, एक पक्षी, एक प्रकारचे कापड एवढे म्हणून पुढे सरकलो, याची मोजदाद करण्याचे धाडस आम्हाला झाले नाही.

पगार पस्तीस रुपये होता, आणि कुटुंबाचा भार वाढत चालला होता. गोविंदरावांचे ऋण फेडणे हे तर कर्तव्यच होते. म्हणून गोपाळराव शाळेच्या वेळेबाहेर सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्या उमेदवारांचा खाजगी वर्ग चालवीत. 1886 साली ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. म्हणजे वीस वर्षे अल्प वेतनावर संस्थेचे काम करण्यास त्यांनी स्वतःला बांधून घेतले. हा निर्णय घरी रुचला नाही. एवढ्यासाठीच का आम्ही पोट बांधले, असे गोविंदरावांच्या मनात आले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. पण थोरल्या भावाने शेवटी संमती दिली. गोखल्यांच्या चरित्रात आम्हाला सर्वांत मोठा माणूस वाटतो तो कागलचा हा पंधरा रुपयांचा कारकून.

शाळेसाठी उदाहरणे जुळवता जुळवता गोखल्यांनी नारायण बापट या सहकाऱ्याबरोबर अंकगणिताचे पुस्तक सिद्ध केले. हस्तलिखित टिळकांनी पाहिले आणि ते छापण्यास उत्तेजन दिले, ही गोष्ट पुढील कटुतेमुळे पुष्कळांच्या स्मरणातून गेली आहे. मॅकमिलन कंपनीने ते प्रसिद्ध केले, देशी भाषांतून त्याची भाषांतरे झाली आणि त्यापासून गोखल्यांना दरमहा सव्वाशे रुपयांच्या सुमारास प्राप्ती होऊ लागली. शिक्षकाच्या पगाराहून त्याच्या पुस्तकाची मिळकत मोठी झाली.

आणि येथेच कलह उत्पन्न झाला. आजीव सभासदांनी आपला सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेला द्यावी, बाहेरची कामे व बाहेरची मिळकत यांत गुंतू नये, असे टिळकांचे म्हणणे होते. गोखले व त्यांच्या बाजूचे लोक म्हणत, की नेमलेले काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. त्यातच 1890 साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले आणि ठिणगी पडली. त्याच वर्षाच्या अखेरीस टिळक संस्थेबाहेर पडले. या वादाला मतभेदाचे आणि स्वभावभेदाचे इतर अनेक पदर होते, ते सोडवीत बसण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हाला एवढेच म्हणावयाचे आहे, की टिळकांचा प्रश्न खोटा नव्हता. शिकवण्या घेणारा शिक्षक वर्गासाठी किती उरतो, हा प्रश्न आजही प्रत्येक शाळेत विचारला जातो आणि त्याचे उत्तर देताना आम्हा शिक्षकांची मान ताठ राहतेच असे नाही. गोखल्यांच्या बाजूने सांगण्यासारखे एक आहे. त्यांच्या तासाची तयारी त्यामुळे उणी पडली अशी तक्रार त्यांच्या विरोधकांनीही केल्याचे आमच्या वाचनात नाही.

टिळक गेल्यावर त्यांचा गणित विषय शिकवणार कोण, असा पेच पडला. तो गोखल्यांनी उचलला. संस्थेचे फर्ग्युसन कॉलेज 1885 सालीच निघाले होते आणि आता गोखल्यांचे काम मुख्यतः तेथेच असे. इंग्रजी शिकवणारा माणूस गणित शिकवू लागला. पुढे 1895 साली आगरकर वारले आणि मग इतिहास व अर्थशास्त्र हे विषयही त्यांच्याकडे आले. ज्या विषयाची मागणी येईल त्याचा प्राध्यापक, अशी त्यांची थट्टा होई. गणिताची त्यांना स्वभावतः ओढ होती असे नव्हे. पण आधल्या रात्री बसून दुसऱ्या दिवसाचा तास सिद्ध करणे त्यांना येत होते आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. सुट्टी लागली, की संस्थेचे चिटणीस या नात्याने ते इमारत-निधीची वर्गणी गोळा करण्यास गावोगाव हिंडत. ज्या टेकडीपायथ्याच्या इमारतीत पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी शिकले, आणि जेथे 1912 पासून काही वर्षे गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांनी पाली भाषा शिकवली, त्या कॉलेजच्या दगडांत या दारोदार हिंडण्याचा वाटा मोठा आहे.

परंतु या सगळ्या वर्षांत गोखले स्वतः कोणापुढे तरी विद्यार्थी होते, ही गोष्ट आम्हाला त्यांच्या शिकवण्याहूनही मोलाची वाटते. न्यायमूर्ती रानडे यांच्याशी त्यांचा परिचय 1880 नंतरच्या त्या दशकात झाला. रानड्यांनी या तरुण शिक्षकाला कामाला जुंपले. सरकारी अहवालांचे जाडजूड खंड वाचावयाचे, आकडे काढावयाचे, एखाद्या प्रश्नावर अर्ज किंवा लेख इंग्रजीत तयार करावयाचा आणि ठरल्या दिवशी, बहुधा बुधवारी, तो घेऊन रानड्यांकडे जावयाचे. रानडे तो वाचीत, खोडीत, आकड्याचा आधार विचारीत, आणि पुन्हा लिहून आणण्यास सांगत. गोखले पुन्हा लिहीत. पुष्कळदा खोडून खोडून झाल्यावर रानड्यांनी आता हे चालेल अशा अर्थाचे काही म्हटले, की तीच मोठी शाबासकी. हे काही महिने चालले नाही, वर्षानुवर्षे चालले. शनिवारवाड्याच्या परिसरात दिवसा जो माणूस दुसऱ्यांच्या इंग्रजी वाक्यांवर खुणा करीत होता, तोच संध्याकाळी आपली वाक्ये खुणा करून घेण्यासाठी हातात धरून चालला होता.

आम्हा शिक्षकांची अडचण नेमकी ही आहे. पदवी घेऊन शाळेत आलो, त्या दिवसापासून आमचे इंग्रजी कोणी तपासले नाही. तपासण्याचा अधिकार आमच्याकडे आला आणि तपासून घेण्याची सवय मोडली. आम्ही मुलांच्या चुका काढतो त्या चुकांवरून आमच्याही भाषेवर हळूहळू गंज चढत जातो, हे इंग्रजीच्या कोणत्याही जुन्या शिक्षकाने खाजगीत कबूल करावे.

या बुधवारांचे फळ 1897 साली दिसले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले लंडनला गेले. वय तिशीच्या थोडे पुढे. समोर बसलेले लोक मुरलेले मुत्सद्दी. ते उलटतपासणीत आकड्यांमागून आकडे विचारीत होते आणि परक्या भाषेत, परक्या देशात, एका मराठी शिक्षकाला त्यांची उत्तरे द्यावयाची होती. येथे पाठांतर उपयोगी नव्हते. त्यांची साक्ष उत्तम झाली. दुर्दैवाने त्याच मुक्कामात, पुण्यातील प्लेगच्या वेळच्या अत्याचारांविषयी पत्रांतून कळलेली हकीकत त्यांनी तेथे प्रसिद्ध केली. परत आल्यावर ती पुराव्याने सिद्ध करता आली नाही, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. त्यावरून त्यांच्यावर देशात फार टीका झाली. आम्हाला मात्र पहिल्या जागेवर बसण्यास नकार देणारा कोल्हापूरच्या वर्गातील मुलगाच तेथे दिसतो.

1902 साली गोखले फर्ग्युसन कॉलेजातून अल्पशा पेन्शनवर निवृत्त झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे छत्तीस होते. त्याच वर्षी मार्चमध्ये वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले गाजलेले भाषण झाले होते, आणि येथून पुढचे चरित्र इतिहासाच्या पुस्तकात आहे. 1905 साली भारत सेवक समाज, त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपद, 1912 साली दक्षिण आफ्रिकेचा दौरा. ज्यांनी त्यांना गुरू मानले ते गांधीजी 1924 साली आमच्या बेळगावात काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले, तेव्हा गोखल्यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती.

कायदेमंडळात गेले तरी शिक्षक सुटला नव्हता. 16 मार्च 1911 रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यातील मागणी आज वाचली तर मनाला चटका लागतो, इतकी ती माफक होती. सर्व देशात नव्हे, तर ज्या नगरपालिका व जिल्हा बोर्डे तयार असतील तेथेच, आणि तेही सरकारच्या परवानगीने, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे करावे. आरंभ मुलग्यांपासून करावा, मुलींचा विचार पुढे व्हावा. एवढेही त्या सभागृहाला मानवले नाही. 1912 सालच्या मार्चमध्ये मतदान झाले. बाजूने 13 आणि विरुद्ध 38. सरकारी सभासदांबरोबर आपले काही जमीनदारही विरुद्ध गेले. आपण हरणार हे गोखल्यांना आधीच दिसत होते, तरी दोन दिवसांच्या चर्चेत त्यांनी प्रत्येक आक्षेपाला आकड्यांनी उत्तर दिले. देशातील सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा त्यानंतर 97 वर्षांनी, 2009 साली झाला.

मधुमेहाने आणि हृदयविकाराने शरीर पोखरले होते. 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात गोपाळरावांचे निधन झाले. ज्यांच्याशी आयुष्यभर मतभेद झाले ते टिळक बातमी ऐकताच सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात त्यांनीच गौरवाचे भाषण केले.

त्या मुलाची वही आम्ही दिवाळीनंतर परत मागितली. कापलेले गुण परत दिले नाहीत. तसे करणे इतरांवर अन्याय झाला असता. पण त्याला सांगितले, की निबंध पाठ असेल तर असू दे, त्यातील पाच वाक्ये घेऊन त्यांत तुझ्या घरचे, तुझ्या शेताचे, तुझ्या बाजाराचे शब्द घालून आण. पहिल्या खेपेस त्याने आणले ते चुकांनी भरलेले होते. दुसऱ्या खेपेस थोड्या कमी चुका होत्या. आमच्या सोयीचा वार बुधवार नसून शुक्रवार आहे, आणि आता त्याच्याबरोबर आणखी तिघे येतात.

आमच्या आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत गोखल्यांच्या अंकगणिताची एक मराठी प्रत होती. मुखपृष्ठ गेलेले, पाने पिवळी पडलेली. व्याजाच्या प्रकरणापर्यंत प्रत्येक उदाहरणापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण आहे. एका उदाहरणापुढे मात्र खूण नाही, तेथे बारीक अक्षरात लिहिले आहे, की हे थोरल्या भावाने सोडवून दिले.